पांढरा, हिरवा, लाल: हुतात्मा कुर्बान हुसेन आणि त्यांच्या काळातला झेंडा



दर १२ जानेवारीला आमच्या शाळेत दोन तसबिरींना हार घातले जातात. एक राजमाता जिजाऊंच्या, दुसरी स्वामी विवेकानंदांच्या. जव्हारची थंडी त्या दिवसांत चांगलीच बोचरी असते. मुलं कान झाकून परिपाठाला उभी राहतात, दोन-तीन भाषणं होतात आणि वर्ग भरतात. दोन्ही जयंत्या साजऱ्या व्हायलाच हव्यात, त्यात वाद नाही. पण याच तारखेला, १९३१ साली, पुण्याच्या येरवडा तुरुंगात चार सोलापूरकरांना फाशी दिली गेली. त्यांच्यात एक होते अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. वय जेमतेम वीस. गेली काही वर्षं परिपाठ संपला की आम्ही आमच्या वर्गात त्यांची गोष्ट सांगतो. आज ती इथे, आपल्या घरांसाठी लिहीत आहोत.

ही गोष्ट आम्ही सांगायला लागलो त्याला एक कारण घडलं. २६ जानेवारी जवळ आली होती आणि चौथीची मुलं तिरंगा रंगवत होती. वर्गात पाड्यांवरून येणारी वारली, कोकणा मुलं, बाजारपेठेतली मुलं आणि आपल्या मोहल्ल्यातली दोघं-तिघं. खडू मोजकेच होते. एका मुलाने हिरवा खडू आपल्या मोहल्ल्यातल्या पोराकडे सरकवला आणि म्हणाला की हा तुझा रंग आहे, हा पट्टा तूच भर. त्यात भांडण नव्हतं, टोमणाही नव्हता. मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं त्याने बोलून दाखवलं, एवढंच. पण त्या पोराने घरी जाऊन विचारलं की मग बाकीचा झेंडा कोणाचा? दुसऱ्या दिवशी त्याचे अब्बा शाळेत आले. तक्रार करायला नाही, विचारायला आले होते की मुलाला नेमकं काय सांगायचं. खरं सांगायचं तर आम्हालाही त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नाही. मग आम्ही झेंड्याचा इतिहास वाचायला बसलो आणि वाचता वाचता सोलापूरला, कुर्बान हुसेन यांच्यापाशी पोहोचलो.

गिरणगावातला पोरगा

सोलापूर म्हणजे कापडाच्या गिरण्यांचं शहर. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू, चारही भाषा एकाच गल्लीत ऐकू येणारं. अशा शहरात १९१० च्या सुमारास कुर्बान हुसेन यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती गरिबीची. शाळा फार झाली नाही. कमवायला लागायचं वय लवकर आलं आणि ते गिरणीत कामाला लागले. आपल्या आजा-पणजांपैकी कितीतरी लोक असेच भिवंडी, मालेगाव, मुंबईच्या मागांवर आणि गिरण्यांत गेले. त्यामुळे ते आयुष्य कसं असेल हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

पण गिरणीचा भोंगा आणि घर एवढ्यावर हा मुलगा थांबला नाही. कामगारांच्या चळवळीत तो ओढला गेला, तरुणांच्या युवक संघात काम करू लागला. आणि ज्या वयात आपली पोरं बारावीच्या निकालाची वाट बघतात, त्या वयात त्याने वृत्तपत्र चालवलं. नाव ठेवलं गजनफर. हा अरबीतून उर्दूत आलेला शब्द, अर्थ सिंह. कामगारांचे प्रश्न, परकीय सत्तेचा विरोध आणि हिंदू-मुस्लिम ऐक्य हे त्यांच्या कामाचे विषय होते. शेवटचा विषय त्या काळी सोपा नव्हता. १९२० नंतरच्या दशकात देशात अनेक शहरांत दंगली झाल्या होत्या आणि सोलापूरही त्यातून सुटलं नव्हतं. अशा वेळी दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बसवण्याची भाषा करणारा माणूस दोन्हीकडून बोलणी खातो. कुर्बान हुसेन यांनी ती भाषा सोडली नाही.

तेव्हाचा झेंडा कसा होता

पुढची हकीकत समजायची तर तेव्हाचा झेंडा डोळ्यांपुढे हवा. आपण आज जो तिरंगा बघतो तो तसाच्या तसा तेव्हा नव्हता.

१९२१ साली बेजवाडा, म्हणजे आजचं विजयवाडा, इथे काँग्रेसची बैठक होती. तिथे मछलीपट्टणजवळच्या पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना झेंड्याचा नमुना दाखवला. त्यात लाल आणि हिरवा असे दोन पट्टे होते. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा. चरख्याची सूचना जालंधरच्या लाला हंसराज यांची. गांधीजींनी त्यात पांढरा पट्टा वाढवला, बाकी सगळ्या धर्मांसाठी. आणि क्रम लावला तो संख्येच्या उलटा. जे सगळ्यांत थोडे त्यांचा पांढरा सर्वांत वर, मग हिरवा, आणि संख्येने मोठ्या समाजाचा लाल सर्वांत खाली, जणू पायासारखा. तिन्ही पट्ट्यांवर मिळून एक चरखा.

म्हणजे आमच्या वर्गातला तो मुलगा अगदीच हवेत बोलत नव्हता. एके काळी हिरवा पट्टा खरंच मुसलमानांच्या नावाने होता. पण ही वाटणी दहा वर्षंही नीट टिकली नाही. शीख बांधवांनी विचारलं, आमचा रंग कुठे आहे? त्यांचं म्हणणं रास्तच होतं. रंग धर्मांमध्ये वाटायला लागलं की कोणीतरी बाहेर राहणारच. हळूहळू नेत्यांच्याही लक्षात आलं की ज्या झेंड्याखाली सगळ्यांना एकत्र यायचं, त्याच्यावरच हद्दी आखून ठेवल्या आहेत.

या झेंड्यासाठी महाराष्ट्राने आधीच किंमत मोजली होती. १९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. इंग्रजांच्या वस्तीतून झेंडा घेऊन जायला बंदी होती आणि ती मोडण्यासाठी ठिकठिकाणचे लोक रांगेने तुरुंगात गेले. सोलापूरने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं.

नगरपालिकेवर निशाण

६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण चढवण्यात आलं. माणिकचंद शहा तेव्हा नगरपालिकेचे अध्यक्ष होते. इंग्रजी अमलाखालच्या एका सरकारी संस्थेने स्वतःच्या इमारतीवर देशाचं निशाण लावणं ही त्या काळात केवढी हिंमत होती, याचा विचार करा. सोलापूरकर आजही ही गोष्ट अभिमानाने सांगतात.

मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली. देशभर हरताळ पडले. सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, मिरवणुका निघाल्या. ८ मे रोजी लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले. दारूबंदीच्या सत्याग्रहाचा तो भाग होता. पोलिसांनी काहींना पकडलं, जमावाने त्यांच्या सुटकेसाठी वाट अडवली, कलेक्टर नाईट तिथे आले आणि प्रकरण चिघळलं. हातात झेंडा घेतलेला शंकर शिवदारे नावाचा तरुण गोळी लागून पडला. संतापलेला जमाव कलेक्टरच्या अंगावर जात असताना मल्लप्पा धनशेट्टी यांनी मध्ये पडून त्यांना वाचवलं, असं सोलापुरात सांगतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येईल.

त्याच दिवशी शहरात आणखी वाईट घडलं. जमावाने मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर हल्ला केला. दोन पोलीस मारले गेले. कोर्टाची इमारत जळाली. ही बाजू आम्ही मुलांपासून लपवत नाही. मेलेले पोलीसही कोणाची तरी मुलं होती, आणि बेभान जमावाने केलेल्या खुनाला आपण चांगलं म्हणू शकत नाही. गांधीजींच्या मार्गातही ते बसत नव्हतं. पण प्रश्न असा की ते कोणी केलं, आणि शिक्षा कोणाला झाली.

पुढचे तीन-चार दिवस शहरातून इंग्रजांचा अंमल जवळजवळ उठला होता. अधिकारी रेल्वे स्टेशनच्या आसऱ्याला गेले. शहरातली रहदारी आणि बंदोबस्त काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी बघितला. सोलापूरचे स्वातंत्र्याचे चार दिवस म्हणतात ते हेच. मग १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत होता. या काळात राष्ट्रीय झेंडा बाळगणं हा गुन्हा होता. गांधी टोपी घातली तरी फटके आणि तुरुंग. नगरपालिकेवरचं निशाण उतरवलं गेलं आणि अध्यक्षांना शिक्षा झाली. एका कापडाच्या तुकड्याची एवढी भीती सरकारला का वाटावी? कारण तो वर गेला की इमारत कोणाची हे सगळ्यांना दिसतं.

चौघांची शिक्षा

धरपकड झाली आणि त्यात पुढारी निवडून उचलले गेले. पोलिसांच्या खुनाचा खटला उभा राहिला. फाशीची शिक्षा चौघांना झाली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. यातले धनशेट्टी लिंगायत, शिंदे मराठा, सारडा मारवाडी आणि कुर्बान हुसेन मुसलमान. ज्यांनी कलेक्टरला वाचवलं म्हणून लोक सांगत होते, तेच धनशेट्टी फाशीच्या यादीत होते.

चौघांनीही खून केल्याचं नाकारलं. शहरात आणि देशातही असंच मानलं गेलं की हे लोक खुनी म्हणून नव्हे, पुढारी म्हणून पकडले गेले. कुर्बान हुसेन यांच्याबाबत तर ते उघडच होतं. गिरणी कामगारांना एकत्र आणणारा, वृत्तपत्र चालवणारा, आणि शिवाय हिंदूंबरोबर खांद्याला खांदा लावणारा मुसलमान तरुण. फोडा आणि झोडा या धोरणाला असा माणूस सगळ्यांत अडचणीचा. वरच्या न्यायालयातही शिक्षा कायम राहिली. दयेसाठी झालेले प्रयत्न फुकट गेले. लंडनला तेव्हा पहिली गोलमेज परिषद चालू होती. तिथे हिंदुस्थानच्या भवितव्याच्या चर्चा होत होत्या आणि इकडे येरवड्यात फाशीची तयारी.

१२ जानेवारी १९३१ ला चौघांना फासावर चढवण्यात आलं. बातमी कळताच मुंबईसह अनेक ठिकाणी हरताळ पडला. भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांची फाशी याच्या सव्वादोन महिन्यांनंतरची, २३ मार्चची. ती नावं देशातल्या प्रत्येक मुलाला पाठ आहेत, आणि असायलाच हवीत. सोलापूरचे चौघे मात्र सोलापूरबाहेर फारसे कोणाला आठवत नाहीत. सोलापुरात त्यांच्या नावाचा चार पुतळा चौक आहे. गावात कोणी नवा आला की पत्ता सांगताना त्या चौकाचं नाव निघतं. चौघं तिथे शेजारी शेजारी उभे आहेत.

ते गेल्यावर झेंडा बदलला

कुर्बान हुसेन गेले त्याच वर्षी झेंड्याच्या रंगांचा निकाल लागला. मार्च १९३१ मध्ये कराचीला काँग्रेसचं अधिवेशन झालं. झेंड्याचा वाद मिटवण्यासाठी सात जणांची समिती नेमली गेली. तिच्यात वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या, आणि आपल्याकडचे काका कालेलकर व सेवादलाचे डॉ. ना. सु. हर्डीकर. समितीने सुचवलं की पूर्ण झेंडा एकाच केशरी रंगाचा असावा आणि त्यावर चरखा. ही सूचना मान्य झाली नाही. ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत ठरलं की वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि पांढऱ्यावर चरखा. आणि सोबत हेही स्पष्ट ठरलं की यातल्या कुठल्याही रंगाचा कुठल्याही धर्माशी संबंध नाही. केशरी शौर्याचा आणि त्यागाचा, पांढरा सत्याचा आणि शांतीचा, हिरवा श्रद्धेचा.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने आजचा राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चोवीस आऱ्यांचं चक्र आलं. या अंतिम नमुन्याच्या कामात बद्रुद्दीन फैज तैयबजी आणि त्यांच्या बेगम सुरैया तैयबजी यांचा मोठा वाटा असल्याचं अनेक अभ्यासक मानतात. हे मुंबईचं तेच तैयबजी घराणं, ज्यातले थोरले बद्रुद्दीन तैयबजी १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते.

तर आमच्या विद्यार्थ्याच्या अब्बांना आम्ही अखेर हेच सांगितलं. १९२१ ला रंग वाटून दिले होते, हे खरं. १९३१ ला ती वाटणी विचार करून, ठराव करून रद्द झाली, हेही तितकंच खरं. आता हिरवा पट्टा एकट्या आपला नाही आणि केशरी पट्टा एकट्या त्यांचा नाही. पूर्ण झेंडा पूर्ण वर्गाचा आहे. आणि कुर्बान हुसेन तर ज्या झेंड्यासाठी तुरुंगात गेले त्यात हिरवा पट्टा त्यांच्या नावचा होता, तरी ते त्या एका पट्ट्यासाठी लढले नाहीत.

हिरव्या रंगाबद्दल थोडं

इथे आपल्या घरांतही एक गोष्ट बोलायला हवी. हिरवा म्हणजेच इस्लाम असं आपणही कधी धरून चालतो. इतिहास तसं सांगत नाही. उमय्या खलिफांचं निशाण पांढरं होतं, अब्बासींचं काळं, आणि उस्मानी तुर्कांचं लाल. चाँद-तारा जगभर पसरला तो मुख्यतः उस्मानी झेंड्यावरून. म्हणजे रंग आणि खुणा काळाप्रमाणे बदलत आल्या. ईमान त्यांच्यावर अवलंबून नव्हतं.

ईद-ए-मिलादला आपल्या घरांवर, जुलूसमध्ये हिरव्या पताका लागतात. त्या धार्मिक पताका आहेत. पाकिस्तानचा राष्ट्रध्वज वेगळा, त्यात काठीच्या बाजूला पांढरा पट्टा असतो. हा फरक आपल्याला माहीत असतो, सगळ्या शेजाऱ्यांना माहीत नसतो आणि त्यातून कधी कधी नको ते गैरसमज होतात. रागावण्याआधी समजावून सांगितलं तर बहुतेक माणसं ऐकतात, हा आमचा अनुभव. आणि जिथे तिरंगा असेल तिथे दुसरी कुठलीही पताका, मग ती कोणाचीही असो, त्याच्यापेक्षा उंच असू नये. ध्वजसंहितेतही हाच नियम आहे. केशरी पट्टा वर हवा, झेंडा जमिनीला लागू नये, फाटका किंवा मळका लावू नये. कार्यक्रम झाल्यावर कागदी झेंडे रस्त्यात पडू देऊ नयेत. आपल्या मुलांना २६ तारखेच्या संध्याकाळी एक फेरी मारून ते गोळा करायला लावा. भाषणापेक्षा त्याने जास्त शिकतात.

जव्हारहून बघताना

कुर्बान हुसेन फासावर गेले तेव्हा आमचं जव्हार हे संस्थान होतं. इथे मुकणे घराण्याचं राज्य होतं. याच घराण्यातल्या नेमशाह यांना १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. कोळी राजे आणि नावात शाह, हे आमच्या मुलांना पहिल्यांदा ऐकताना गंमत वाटते. मग आम्ही सांगतो की माणसांचा इतिहास असाच एकमेकांत गुंतलेला असतो, पट्ट्यांसारखा वेगवेगळा नसतो. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि इथल्या लोकांचाही झेंडा तोच एक झाला. आपल्या जिल्ह्याचं गाव पालघर. तिथे १९४२ च्या चळवळीत १४ ऑगस्टला पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी पालघरला त्यांना मानवंदना असते. मोखाड्या-जव्हारच्या पालकांनी एकदा तरी मुलांना घेऊन तिथे जावं.

तो चौथीतला पोरगा आता मोठा झाला आहे. मागच्या प्रजासत्ताक दिनी झेंड्याची घडी घालून दोरीला बांधायचं काम त्याच्याकडे आणि खडू सरकवणाऱ्या त्याच मित्राकडे होतं. गाठ अशी मारावी लागते की ओढल्याबरोबर सुटली पाहिजे, नाहीतर सगळ्या गावासमोर फजिती. दोघांनी आदल्या दिवशी चार-पाच वेळा करून बघितलं. सकाळी झेंडा पहिल्या झटक्यात उघडला.

या १२ जानेवारीला घरी जेवायला बसाल तेव्हा दोन मिनिटं काढून मुलांना चारही नावं सांगा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. चारही, एकटं आपलं नाही. कुर्बान हुसेन यांना ते एकटं सांगणं आवडलं नसतं. अल्लाह तआला मरहूमांची मगफिरत करो आणि आपल्या मुलांना त्यांच्यासारखं मोठं मन देवो. आमीन.